गॅरेजमधलं गाव

ओक ट्री रोड सोडून आमच्या घराकडे वळायच्या आधी एक लांबट, बसकी इमारत लागते. एका टोकाला लाँड्री, दुसऱ्या टोकाला दातांचा दवाखाना आणि मधोमध डायलिसिस सेंटर. माझ्या यजमानांनी आयुष्याची शेवटची काही वर्षं एक दिवसाआड तिथल्या खुर्चीत काढली. सुरुवातीला मी त्यांना सोडून घरी यायचे. मग घरात करमेना. नर्स ओळखीच्या झाल्यावर त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि मी तिथेच बसू लागले, कधी विणकाम घेऊन, कधी नुसतीच, नळीतून त्यांचं रक्त यंत्रात जाताना आणि परत येताना बघत.

किडनीसाठी त्यांचं नाव यादीत होतं. फोन कधीही येईल आणि आला की तासाभरात हॉस्पिटल गाठायचं, म्हणून आम्ही एडिसन सोडून कुठे जातच नव्हतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला, जवळच्या मित्राच्या मुलीचं लग्न झालं, ते आम्ही सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं. भारतात जायचा तर विषयच नव्हता.

ते भंडारा जिल्ह्यातले, तलावांच्या आणि धानाच्या मुलखातले. मी सोलापूरची म्हणायची, पण वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे खरं तर कुठलीच नाही. इथे आल्यावर ते एका पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि मी फार्मसीच्या काउंटरवर. मुलगा इथेच जन्मला. गावाबद्दल ते फारसं बोलत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "काय आहे तिथे? तलाव आहे, धान आहे, मोठे भाऊ आहेत." लग्नानंतर मी तिथे चार-दोनदाच गेले असेन, तेही पाहुणीसारखी. घरातून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जायचं आणि उन्हं उतरली की परत यायचं.

त्या शेवटच्या वर्षी सप्टेंबरात एका सकाळी शेजारच्या खुर्चीत एक नवी बाई आली. काळीभोर, स्थूल, पांढऱ्या केसांवर विणलेली रंगीबेरंगी टोपी, अंगात फुलाफुलांचा झगा आणि त्यावर पुरुषी जाकीट. सोबत पस्तिशीची एक तरुणी. मला आधी वाटलं, आपल्या दक्षिणेकडच्या असतील. नर्स तिच्या हातात सुया टोचत होती तेव्हा ती डोळे मिटून अगदी हळू आवाजात काहीतरी गात होती. ती भाषा आम्ही कधी ऐकली नव्हती.

तरुणीनेच सांगितलं. त्या ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातून आल्या होत्या, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. ही तिच्या आईची बहीण. चित्रं काढते. इथल्या एका विद्यापीठाच्या म्युझियममध्ये त्यांच्याकडच्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी दोघींना काही आठवडे बोलावलं होतं, आणि डायलिसिसची सोय म्युझियमवाल्यांनी इथे करून दिली होती.

"इतक्या लांब?" यांनी विचारलं. "मशीनचं टेन्शन असून?"

तरुणी हसली. म्हणाली, "तिला सगळंच लांब आहे. मशीन आमच्या गावात नाही. म्हणून ती शहरात राहते, घरापासून दिवसभराच्या रस्त्यावर. तिथल्यापेक्षा इथे आणखी थोडं लांब, एवढंच."

यांनी विचारलं की तुम्ही हिला काय म्हणता. ती म्हणाली, "आई. आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच." हे म्हणाले, "आमच्यात तिला मावशी म्हणतात." तरुणीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, मग म्हातारीच्या कानाशी वाकून सांगितला. म्हातारीने डोळे उघडले, यांच्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माव-शी!" त्या दिवसापासून ती आमची मावशी झाली, आणि तरुणी तिची भाची.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

यंत्राला जोडलेल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. मावशीचं इंग्रजी तुटकं होतं, उरलेलं भाची सांगायची. भाचीच्या फोनमध्ये मावशीच्या चित्रांचे फोटो होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या सुंदर चादरीसारखं वाटलं. लाल, पिवळे, पांढरे हजारो ठिपके, त्यांच्यामधून वाहणाऱ्या रेघा, एकात एक वर्तुळं. हे म्हणाले, "छान डिझाइन आहे." भाचीने ते सांगितल्यावर मावशी नाही म्हणून मान हलवत राहिली आणि मोकळ्या हाताचं बोट फोनवर ठेवून एकेक सांगू लागली. हे वर्तुळ म्हणजे पाण्याची जागा, खडकात. ही तिच्या आजोबांची. इथे वाळूच्या टेकड्या. या रेघेवरून फार पूर्वी त्यांच्या पूर्वज बाया चालत आल्या, इथे बसल्या, इथे खणलं, म्हणून इथे पाणी आहे. आणि या ठिपक्यांत एक झाड आहे, त्याच्याखाली तिचा जन्म झाला.

हे पुढे वाकून बघत होते. यंत्राने बीप केलं तरी त्यांना कळलं नाही.

"म्हणजे हा नकाशा आहे?" त्यांनी विचारलं.

भाचीने फोन बाजूला ठेवला. "नकाशा बघणारा माणूस वेगळा आणि जागा वेगळी. ती रंगवते तेव्हा ती तिथे असते. ती गाते ना, ते त्याच जागेचं गाणं आहे. तिला तिथे राहता येत नाही, म्हणून ती रंगवते."

"त्या बायांचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली. भाची म्हणाली, "तुम्हाला सांगता येतं तेवढं तिने सांगितलं. पुढचं आमच्यातल्या आमच्यात." तिच्या बोलण्यात तुटकपणा नव्हता.

मग मावशीने यांना विचारलं, "तुझी जमीन कुठे?"

हे म्हणाले, "इंडियात. फार दूर."

"तिथे कोण आहे आता?"

"माझे मोठे भाऊ."

"तू तिच्याशी बोलतोस?"

"भावाशी? हो, दर रविवारी."

मावशीने हात झटकला. भाचीला हसू आलं. "भावाशी नाही, जमिनीशी. आमच्याकडे खूप दिवसांनी गेलो की लांबूनच हाक मारून सांगतात, मी अमक्याची नात, मी आले आहे म्हणून. कुणी गेलं नाही की जागा एकटी पडते, आजारी होते, असं ती म्हणते."

घरी येताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा हे एकदम म्हणाले, "आमच्या एकेका बांधीला नाव होतं, तुला माहीत आहे?"

धानाच्या शेतातल्या तुकड्याला त्यांच्याकडे बांधी म्हणतात, एवढंच मला माहीत होतं.

"जांभळीची बांधी. भुताची बांधी. एक होती रडकी, तिच्यात पाणी कधी टिकायचंच नाही. आजोबा म्हणायचे, आज रडकीकडे जाऊन येऊ." ते हसले आणि हसता हसता खिडकीकडे वळले. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांतलं एकही नाव ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मावशीला विचारलं की माझं गाव काढून द्याल का. त्यांना वाटलं होतं तिला आवडेल. मावशीचा चेहरा गंभीर झाला. ती बराच वेळ भाचीशी बोलली.

भाची म्हणाली, "रागावू नका. तिला काढता येणार नाही. ती तिची जागा नाही. ज्याची जागा, त्यानेच काढायची. दुसऱ्याची जागा काढणं म्हणजे चोरी झाली."

"मला चित्र येत नाही," हे म्हणाले.

"ती विचारते आहे, तुला जागा येते का?"

एका शनिवारी त्या दोघी आमच्या घरी आल्या. मी वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती, सगळं हे आणि मावशी या दोघांच्या पथ्याचं, बटाटे दोनदा पाणी काढून उकडलेले. भाचीने कॅनव्हासचा मोठा तुकडा आणि रंगांचे डबे आणले होते. यांनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून जमीन झाडून ठेवली होती. भाचीने कॅनव्हास पसरून त्याला काळा रंग दिला. तो वाळल्यावर मावशी सरळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि यांना समोर बसायला सांगितलं. यांना मांडी जमेना. मी बसायला पाट दिला. मावशीने बारक्या काठीचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून त्यांच्या हातात दिलं.

"वरची बाजू कुठली?" यांनी विचारलं. ती इंजिनिअरची सवय.

मावशी खळखळून हसली. वरची-खालची बाजू नसते. पाणी कुठून येतं तिथून सुरू कर.

त्यांनी तलाव काढला. वर्तुळ नीट आलं नाही, कुजक्या भोपळ्यासारखं दिसू लागलं. मग पाळ, पाळीवरची मोहाची झाडं, खालचा पाण्याचा पाट, त्या पाटावरच्या बांध्या. मावशी एकेक विचारत जायची. इथे कोण बसायचं? हे पाणी कुणाचं? तुझा आजोबा कुठून चालत यायचा? आणि हे सांगत जायचे, आधी इंग्रजीत, मग इंग्रजी सुटलं आणि मराठीत, मग तेही मराठी आमच्या घरातलं राहिलं नाही. "इथून ना, आजोबा पाणी फोडून देत होते. अन् आम्ही पोरं इकडून कुदून राहायचो." मावशीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती मान डोलवत ऐकत होती, आणि मी दारात उभी राहून माझ्या नवऱ्याचा हा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

तेव्हापासून ज्या दिवशी मशीन नसे त्या दिवशी ते गॅरेजमध्ये असत. मावशी जमेल तेव्हा येई. ते तिच्यासारखं ठिपके देऊ लागले तेव्हा तिने त्यांचा हात धरला. हे ठिपके माझे, तू तुझं शोध. म्हणून ते धान लावल्यासारखे बारीक उभे फराटे मारू लागले, ओळीने. चित्र म्हणून ते काही खास नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण त्याच्यापुढे त्यांना भूक लागायची. कित्येक महिन्यांनी ते मागून जेवू लागले होते.

तलावाच्या पलीकडचा भाग मात्र काळाच राहिला. "तिकडे जंगल होतं," ते म्हणाले, "एक बोडी होती, लहानसं तळं, आणि एक छोटं देऊळ. पण आधी देऊळ की आधी बोडी? नाला कुठून वळतो?" भावाला फोन करून विचारा म्हटलं तर नको म्हणाले. मावशीनेही मान हलवली. आठवत नाही ते काढू नकोस.

मुलगा एका रविवारी जर्सी सिटीहून आला, बायकोला घेऊन. तिला सहावा महिना होता. तो गॅरेजमध्ये उभा राहून बघत राहिला. "दिस इज नाइस, बाबा. हे आपलं फार्म आहे?"

"फार्म नाही रे," हे म्हणाले. पण मग काय आहे ते त्यांना इंग्रजीत सांगता आलं नाही.

ऑक्टोबरात प्रदर्शन उघडलं. आम्हालाही बोलावणं होतं. मावशीचं चित्र एका अख्ख्या भिंतीएवढं होतं. शेजारच्या भिंतीवर तिच्या धाकट्या बहिणीचं चित्र होतं, म्हणजे भाचीच्या आईचं. दोघींची जागा एकच, पण बहिणीने पाण्याच्या दुसऱ्या अंगाने काढली होती. मावशी बहिणीच्या चित्रासमोर खुर्ची घेऊन बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "माय सिस्टर. माय सिस्टर." लोक खाली वाकून तिच्याशी हात मिळवत होते. हे सूट घालून तिच्या बाजूला उभे होते, नातलग असल्यासारखे.

भाचीचा फोन वाजला. ती बोलायला बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघूनच मी उठले. ती मावशीसमोर गुडघ्यांवर बसली आणि काही न बोलता हाताने एक खूण केली.

मावशी खुर्चीवरून घसरून जमिनीवर आली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो लांब, चढत जाणारा होता आणि थांबतच नव्हता. भाचीने तिच्या खांद्यात डोकं खुपसलं आणि तीही तसंच रडू लागली. बहीण गेली होती. घरी, त्या जागेवर, सगळ्यांमध्ये. आणि ह्या दोघी इथे.

हॉलमधली माणसं हळूहळू मागे सरकली. म्युझियमच्या बाई आल्या. त्यांना माहीत असावं, कारण त्यांनी विचारण्यात वेळ घालवला नाही. दोन माणसांनी पांढरं कापड आणलं आणि बहिणीचं चित्र झाकलं, नावाची पाटी काढून घेतली. भाचीने नंतर सांगितलं की त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत, पुष्कळ दिवस. त्याने मागे राहिलेल्यांचं काळीज फाटतं, आणि गेलेल्यालाही जाता येत नाही.

हे मावशीशेजारी जमिनीवर बसले होते. मांडी न घालता येणारा माणूस, सूटमध्ये. त्यांनी तिचा हात धरला नव्हता. नुसते बसले होते.

इथलं शेवटचं डायलिसिस करून त्या दोघी निघाल्या. त्या दिवशी मावशी बोललीच नाही; दुःखात त्यांच्या बायका बोलत नाहीत, हातांनी खुणा करतात. सुया काढल्यावर ती यांच्या खुर्चीपाशी आली. एक बोट त्यांच्या छातीला लावलं आणि मग तो हात लांब करून दाराकडे, दाराबाहेर, लांब कुठेतरी दाखवला. भाचीने त्याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

घरी आल्यावर यांनी बूट काढायच्या आत सांगितलं, "मी गावी जातो."

मुलगा संध्याकाळी आला. "बाबा, बी रीझनेबल. तुमचं नाव लिस्टवर आहे. तुम्ही बाहेर गेलात तर ते होल्डवर टाकतील. त्या महिनाभरात कॉल यायचा असला तर?"

"तर ती किडनी दुसऱ्या कोणाला मिळेल," हे म्हणाले. "चांगलंच होईल."

"आणि बेबी?"

"बेबी यायच्या आत परत येतो ना मी."

डॉक्टरांनी नाराजीनेच परवानगी दिली. नागपूरला पुतण्या होता, त्याच्या खटपटीने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची सोय झाली. आम्ही दोघांनी जायचं ठरलं, धान कापून झाल्यावर, डिसेंबरात. आणि मग सुनेला त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं. तिच्या आईच्या व्हिसाची तारीख मिळत नव्हती. कुणीतरी लागणारच होतं.

"तू थांब," हे म्हणाले. "तिची आई आली की तू ये. मी पुढे जातो."

विमानतळावर व्हीलचेअरवाला आला तेव्हा ते मला म्हणाले, "तलावापलीकडचं बघून येतो. मग चित्र पुरं करू." आणि लगेच पुढे गेले. त्यांना मागे वळून बघायची सवय नव्हती.

तिकडे गेल्यावर त्यांचा आवाज बदलला. रोज फोन करायचे. पहिल्या दिवशी पाळीवर उभं राहून त्यांनी खरोखरच मोठ्याने सांगितलं होतं, मी अमक्याचा नातू, अमक्याचा मुलगा, आलो आहे. "दादा आधी हसले," ते म्हणाले, "मग त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं." रडकी अजून रडकीच होती. भुताच्या बांधीत आता बोअर झाली होती. जेवण जातंय, झोप लागतेय. पलीकडे गेलात का, विचारलं तर म्हणाले, "गेलो होतो. तू ये, मग दाखवतो. फोनवर काय सांगू."

जानेवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. मी जर्सी सिटीत सुनेकडे होते. बाळ वेळेआधी झालं होतं आणि अजून हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत होतं.

"ऐक," ते म्हणाले. "मी परत येत नाही."

"म्हणजे?"

"अन् मशीनलाही जाणार नाही आता. फार झालं. इथे बाहेर खाट टाकून बसतो ना, तेव्हा मी पेशंट नसतो. दवाखान्यात जाऊन आलो की दिवसभर पेशंट होऊन राहतो."

मी सुनेच्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले. "तुम्हाला कुणी विचारलं? तुमचा तुम्हीच निर्णय घेतलात?"

"म्हणून तर तुला सांगून राहिलो."

"नातीला बघितलं नाही तुम्ही अजून!"

 त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठला तरी पक्षी ओरडत होता. मग मी ओरडणं सोडून दिलं. म्हटलं, "मी येते. मी येईपर्यंत जात राहा. माझ्यासाठी. मग दोघं मिळून ठरवू."

"बरं," ते म्हणाले. "तू येईपर्यंत जातो."

मी तिकीट काढलं. सुनेच्या आईला व्हिसा मिळाला होता. त्यांनी शब्द पाळला. संध्याकाळच्या शिफ्टला ते जात राहिले. मी निघायला दहा-बारा दिवस उरले होते तोच एका सकाळी पुतण्याचा फोन आला. दवाखान्यात जायला ते तयार होत होते. जाऊबाईंनी चहा आणला तेव्हा खाटेवर बसलेले दिसले, शर्टाच्या एका बाहीत हात घातलेला, दुसरा हात मोकळा.

मी पोचेपर्यंत ठेवायची सोय तिथे नव्हती, आणि मोठे दीर म्हणाले ते बरोबरच होतं, "त्याला दवाखान्याच्या बर्फात कशाला ठेवता?" तिकडे दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे संध्याकाळी, पुतण्याने व्हिडिओ कॉल लावला. मी आणि मुलगा किचनच्या ओट्याला टेकून उभे होतो. सून नळ्या लावलेल्या बाळाला बघायला हॉस्पिटलात गेली होती. तलावाच्या काठावर लाकडं रचली होती. पुतण्याच्या हातातला फोन हलत असल्यामुळे कधी आभाळ दिसे, कधी माणसांचे पाय. एकदाच त्यांचा चेहरा दिसला. मग चित्र अडकलं. बराच वेळ अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा नुसता धूर होता, आणि धुराच्या मागे पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे काहीतरी हिरवं, जे मला ओळखता येईना.

मुलगा म्हणाला, "आई, बस." त्याने खुर्ची आणली. मी बसले नाही. माझा माणूस तिकडे पडलेला आणि मी इकडे बसू कशी?

मी नंतर गेले, तेराव्याला पोचले, महिनाभर राहिले. सगळ्यांनी फार केलं माझं. पण मी तिथे पाहुणीच होते. पाळीवर उभी राहिले तरी कुणाला काय सांगायचं ते सुचेना. जाऊबाईंनी हाताने दाखवली ती काळी पडलेली जागा पाहिली आणि परत फिरले. पलीकडे कुणी नेतो म्हणालं तर मला जाववेना. ते दाखवणार होते.

मार्चमध्ये भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिला कुठूनसं कळलं होतं. मावशी शेजारीच होती, गाडीत, पाठीमागे लाल माती. मावशीने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या तब्येतीचा नव्हता.

"पोचला का तो?"

"पोचले," मी म्हटलं. "तिथेच गेले."

मावशीने डोळे मिटून मान डोलवली. तीही आता घरी चालली होती. यंत्र सोडून. भाचीने ते हसत सांगायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं नाही.

मी विचारलं, चित्र अर्धं राहिलं आहे. तलावापलीकडचं काळंच आहे. मी भरू का?

भाचीने विचारलं. मावशीने उत्तर दिलं तेव्हा तिचा आवाज अगदी मऊ होता.

"ती म्हणते, ती तुझी जागा नाही. तुझ्या मुलाची आहे. त्याला येते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तसंच राहू दे."

पावसाळ्याआधी मावशी गेली. भाचीने सांगितलं की तिचं नाव कुठे लिहू नका, फोटो असेल तर काढून ठेवा. आमच्या फ्रिजवर त्या शनिवारचा एक फोटो होता, गॅरेजमधला, मावशी हसताना आणि हे पाटावर. मी तो काढला. त्यात दोघंही होते, आणि यांच्या फोटोला तर मी रोज हार घालते. एकाचं दाखवायचं आणि एकाचं झाकायचं, हे कसं करायचं ते मला कळेना. शेवटी तो कपाटात कपड्यांखाली ठेवला.

बाळ घरी आल्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलगा एकदा गॅरेज आवरायला आला. कॅनव्हास गुंडाळून ठेवावा असं त्याच्या मनात होतं. मग तो त्याच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, हे काय आहे?" त्याने एका वाकड्या पट्टीवर बोट ठेवलं.

"पाट. पाण्याचा."

"आणि हे?"

"ती जांभळीची बांधी असेल. किंवा दुसरी."

"आणि इथून पुढे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही रे."

त्याने फोन काढून काकांना लावला. स्पीकरवर ठेवला. काकांचा म्हातारा आवाज आला, "कोण? अरे, तू? बोल बेटा." आणि मुलगा अडखळत, शब्द जुळवत विचारू लागला, "काका, तो लेक... तलाव... त्याच्या पलीकडे काय आहे?"

 मग काका म्हणाले, "असं फोनवर कसं सांगू बेटा? तू ये ना. तू आला म्हणजे दाखवीन."

"हो काका. नेक्स्ट इयर, शुअर," मुलगा म्हणाला.

काकांना त्या वर्षी ऐंशी पूर्ण झाली होती. मी गॅरेजच्या दारात उभी होते. मुलाने फोन खिशात टाकला, कॅनव्हास तसाच जमिनीवर राहू दिला, आणि गाडी पुढचे बरेच दिवस बाहेर उन्हातच उभी राहिली.